मांड

सोलापूरच्या नवी पेठेत त्या संध्याकाळी वरातीची घोडी उधळली आणि तडक महादेवीच्या समोर येऊन थांबली. घडलं ते एवढंच. नवरदेवाला नुकतंच खाली उतरवलं होतं, बँडवाले दम खात होते, तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ नेमकी घोडीच्या पायाशी टाकली, आणि ती पांढरी घोडी अंगावरच्या झुलीसकट, गळ्यातल्या घुंगरांसकट सुटली. माणसं कापडदुकानांच्या पायऱ्यांवर चढली. एक सायकलवाला सायकल तिथंच टाकून सराफाच्या दुकानात घुसला. महादेवी टेलिफोन एक्स्चेंजमधली आपली पाळी संपवून घरी निघाली होती, हातात मेथीची जुडी होती, आणि पळायचं तिला सुचलंच नाही. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात फैलावले, मान वर केली आणि "थांब" म्हणाली. ओरडली नाही. ट्रंक कॉलवर घाईला आलेल्या माणसाला "थांबा, लाइन देते" म्हणायचं, तसं म्हणाली. घोडी दोन हातांवर येऊन उभी राहिली. तिचा गरम श्वास महादेवीच्या गळ्याला लागला, त्याला कडब्याचा आणि घामाचा वास होता, आणि त्या मोठ्या काळ्या डोळ्यात महादेवीला मेथीच्या जुडीसकट आपलंच रूप दिसलं. मागून एक दाढीवाला म्हातारा लंगडत आला. त्यानं लगाम धरला, घोडीच्या मानेवर थापटलं, आणि मग महादेवीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"पळाली नाय तुमी," तो म्हणाला. "सीधी खडी राहिली, म्हणून थांबली ही. वाकली असती तर गेली असती अंगावरनं. जनावर माणसाची पाठ बघतं, बाई."

सीधी. महादेवीच्या बाबतीत हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता. ती पाच फूट नऊ इंच होती. बाराव्या वर्षी तिनं आईला मागं टाकलं, चौदाव्या वर्षी वडिलांना गाठलं, आणि तेव्हापासून अव्वा तिच्या मागं लागली. आईला ती कानडी रीतीनं अव्वाच म्हणायची. "वाक की जरा, चौकटीला डोकं लागंल," अव्वा म्हणायची. बाळीवेशीतल्या त्यांच्या घराची चौकट चांगली सात फुटी होती. अव्वाच्या डोळ्यांपुढं लग्नाच्या मांडवाची चौकट होती. बघायला येणारी माणसं यायची, महादेवी बसलेली असेपर्यंत सगळं सुरळीत चालायचं, मग त्यांच्यातली एखादी बाई म्हणायची, "उभी राहा गं जरा," आणि महादेवी लुगड्याची घडी उलगडावी तशी हळूहळू उभी राहायची. शेवटची घडी ती उलगडायचीच नाही. तरी मुलाकडच्यांच्या नजरा वर वर जायच्या आणि खाली येताना एकमेकींना भेटायच्या. होता होता ती चौतिशीला आली, माणसं यायची बंद झाली, वडील गेले, आणि ती न उलगडलेली घडी मात्र तशीच पाठीत राहिली, खांद्यांच्या मधोमध, आता कुणासाठी तेही कळू नये अशी. एक्स्चेंजमध्ये तिचं बरं चालायचं. तिथं तिला कुणी बघत नव्हतं. कानावर हेडफोन, हातात दोऱ्या, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि तिचा आवाज तारेवरून गुलबर्ग्याला, पुण्याला, बार्शीला बिनधास्त चालत जायचा. पलीकडचे ऑपरेटर तिला नुसत्या आवाजावर ओळखत. आवाज पुढं ताठ जायचा, आणि अंग त्याच्यामागून पोक काढून घरी यायचं.

त्या संध्याकाळनंतर आठ दिवस तिला स्वतःचं काही समजेनासं झालं. भाकरी थापताना, बोर्डावर पिन लावताना, सिद्धेश्वराच्या देवळात रांगेत उभी असताना मधेच तिला ती अर्ध्या मिनिटाची पाठ आठवायची. आठवायची म्हणजे पाठीतच जाणवायची: मणक्यामागून मणका चढत गेलेला, मान वर, छाती मोकळी, आणि श्वास एवढा आत गेलेला की तेवढी जागा आपल्यात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं न्हाणीघरात तसं उभं राहून बघितलं. जमेना. खांदे मागं ओढले तर कोंबड्यासारखं वाटायचं. आरशासमोर तर हसूच यायचं. समोर ती घोडी नव्हती, हेच खरं. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, "देवळात जाऊन येते" असं अव्वाला सांगून ती विजापूर वेशीकडे निघाली, आणि वरातीच्या घोडीवाल्याचं घर विचारत विचारत एका बोळाच्या टोकाला गेली.

म्हाताऱ्याचं नाव गैबीसाब. तरुणपणी तो हैदराबादेकडे रिसाल्यात होता, तिथं नव्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवायचा. पुढं सोलापुरात येऊन टांगा हाकला. बहात्तरच्या दुष्काळात टांगा गेला, टांग्याचा घोडा गेला, पण ही घोडी त्यानं घरातल्या ज्वारीतली मूठ मूठ खाऊ घालून जगवली होती. हे सगळं महादेवीला सांगितलं ते त्याच्या बायकोनं, सरदारबीनं, दारात चहाची बशी पुढं करत. "आमाला एक भाकर, अन् हिला दोन," ती म्हणाली. "सवत हाय माझी." घोडीचं नाव होतं मिसरी. खडीसाखरेसारखी पांढरी म्हणून.

महादेवीनं चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला हिच्यावर बसायला शिकवाल?"

गैबीसाब घोडीचे खूर साफ करत होता. त्यानं मान वर केली नाही. "कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर महादेवीनं वाटेत तयार केलं होतं, चांगलं दोन-तीन वाक्यांचं. ते आता तिला आठवेना. "त्या दिवशी उभी राहिले तशी मला परत उभं राहता येत नाही," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं खूर खाली सोडला. मग म्हणाला, "सकाळी सहाला. होम मैदानावर. मिसरीला बी फिरवायलाच लागतं, माझा गुडघा आता साथ देत नाय. अन् डोक्याला तेल थापून येऊ नक्को, माश्या येतात."

पहिल्या दिवशी मैदानावर कुणी नव्हतं. मैदानालगतच्या किल्ल्याच्या भिंतीमागून नुकतं फटफटत होतं. महादेवीनं रिकिबीत पाय घातला, गैबीसाबानं खालून आधार दिला, आणि ती एकदाची वर गेली. वर म्हणजे किती वर, हे जमिनीवरून कळत नाही. उंची हे आपलं दुखणं अशी जिची आयुष्यभराची समजूत, ती आता आठ-नऊ फुटांवर होती, आणि खाली काहीतरी जिवंत हलत होतं. ती झटक्यात पुढं वाकली, दोन्ही हातांनी आयाळ धरली, गुडघे आवळले आणि मिसरीच्या खांद्यांकडे बघत राहिली. घोडी दोन पावलं चालून थांबली.

"ती तुमाला विचारतीया," गैबीसाब म्हणाला, "बाई, जायचं कुटं? तुमी जमिनीकडं बघताय. तिला वाटतं जमिनीतच जायचंय. समोर बघा. तिच्या दोन कानांच्या मधनं."

दोन कानांच्या मधून किल्ल्याचा बुरूज दिसत होता. महादेवीनं बुरुजाकडे बघितलं, आणि घोडी चालू लागली. पहिल्या आठवड्यात ती एवढंच शिकली. दुसऱ्या आठवड्यात गैबीसाब गवंड्याचा ओळंबा घेऊन आला. कुणाकडून तरी मागून आणलेला, दोरीला लटकणारा पितळी गोळा. तो त्यानं तिच्या कानापाशी धरला. "कान, खांदा, कंबर, टाच. चौघं एका दोरीत पायजेत. भिंत वाकडी असली तर घर पडतं. तुमची भिंत इथनं बाहेर आलीया," आणि त्यानं लांबूनच, काठीच्या टोकानं, तिच्या पाठीतली ती जागा दाखवली. नेमकी तीच. महादेवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत कुणी ती जागा इतकी बरोबर दाखवली नव्हती, आणि दाखवताना तिची कीवही केली नव्हती, भिंतीची करत नाहीत तशी. मग ती ताठ बसली. लोखंडाच्या कांबीसारखी. मिसरी दुडक्या चालीनं निघाली तशी ती कांब खोगिरावर धाड धाड आपटू लागली, दात वाजले, अंबाडा सुटला, आणि गैबीसाब काठी टेकून हसायला लागला. "सीधं म्हणजे अकड नव्हं, बाई! ज्वारीचं ताट बघितलंय न्हवं? सीधं असतंय का न्हाय? अन् वारं आलं की काय करतंय?" महादेवीनं ज्वारीचं ताट आठवलं. श्वास सोडला. कंबर सैल झाली, आणि कसं कोण जाणे, सैल झाल्यावरच पाठ वर गेली. घोडीची पाठ वर आली की तिचं अंग वर येत होतं, खाली गेली की खाली. आपटणं थांबलं. सात-आठ पावलंच; पुन्हा आपटायला लागली. पण त्या सात-आठ पावलांत तिला लहानपणची एक सकाळ लख्ख आठवली: वडिलांच्या खांद्यावर बसून गड्ड्याची जत्रा बघताना सगळ्यांची डोकी खाली, आपण वर, आणि वर असण्यात काही चुकीचं आहे हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

घरी मात्र लपवालपवी चालली होती आणि ती पायांनीच उघडी पाडली. मांड्या अशा दुखायच्या की तिला उकिडवं बसता येईना, आणि उभी राहिली की ती पाय फाकून चालायची. तिसऱ्या आठवड्यात अव्वानं चुलीपुढून उठून दार लावलं.

"काय दुखतंय सांग. लपवू नगं. दवाखान्यात जाऊ."

"काही नाही अव्वा."

"मग अशी का चालतीस? बदकावानी?"

महादेवीला खोटं बोलता येत होतं, पण अव्वाच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती, म्हणून ती खरं बोलली. सगळं सांगितलं. नवी पेठ, घोडी, मैदान. अव्वा समोर बसून ऐकत राहिली. अव्वा, म्हणजे गंगम्मा, साडेचार फुटांची बाई, लेकीशी बोलताना तिला कायम मान वर करावी लागायची, आणि आता दोघी खाली बसलेल्या असल्यामुळं तेवढी एक वेळ दोघींचे डोळे समोरासमोर होते.

"मिश्री?" अव्वानं शेवटी विचारलं. "दाताला लावायची?"

"मिश्री नाही गं. मिसरी. घोडीचं नाव आहे."

अव्वा उठली. महादेवीला वाटलं, आता देवघरापुढं जाऊन रडेल, नाहीतर परगावच्या भावाला पत्र टाकायला लावेल. अव्वानं ट्रंक उघडली. बराच वेळ खालवर केलं, आणि आपलं नऊवारी इरकल बाहेर काढलं, गडद हिरवं, लाल काठाचं. "पाचवारीत घोडीवर बसतीस व्हय?" ती ओरडली. "पाय अडकून पडशील की! कासोटा घाल. शिकवते चल. आमच्या बसवकल्याणच्या आजीला बैलगाडी न्हाय, तट्टू लागायचं माहेराला जाया." हे महादेवीनं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. अव्वानं तिला समोर उभी केली, निऱ्या केल्या, कासोटा खेचून मागं खोवला, आणि तसं करताना ती लेकीच्या कमरेशी वाकलेली असल्यामुळं तिचा चेहरा दिसला नाही. नुसतं एवढंच ऐकू आलं, "लांबी पुरली बघ. तुला बरोबर बसलं." मग तिनं तेल कोमट केलं आणि लेकीच्या मांड्या रगडल्या, इतक्या जोरानं की महादेवी किंचाळली आणि दोघीही हसत सुटल्या.

पडणं राहिलं होतं, तेही झालं. चैत्र लागला होता. मैदानात एक कुत्रं आडवं आलं, मिसरी बाजूला सरकली आणि महादेवी सरकली नाही. ती मऊ मातीत कुशीवर पडली. लागलं फारसं नाही. उठली, माती झटकली, पुन्हा बसली, घरी गेली, जेवली, ड्यूटी केली. भीती आली ती तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बोर्डावर. पुण्याचा कॉल जोडताना तिच्या हातातली पिन भोकाजवळ जाऊन थांबली, आणि तो पडण्याचा क्षण, जो घडताना अर्धा सेकंदही नव्हता, तिच्या अंगात सावकाश, लांबच लांब उलगडला: आभाळ तिरकं झालेलं, किल्ला तिरका झालेला, हाताला धरायला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर तिनं रिकिबीत पाय ठेवला. पाय खाली घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा खाली घेतला. खांदे पुढं आले, मान खाली गेली, आणि पाठीतली ती जुनी घडी ओळखीच्या माणसासारखी आपल्या जागेवर येऊन बसली. गैबीसाबानं समजूत काढली नाही. तो एका दगडावर बसला, तंबाखू मळली.

"मला बी वाटते भीती," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, रोज वाटते. मिसरीला बी वाटते. तिघं बी भ्यालेले, मग कुणी तरी बोलायला पायजे का नको? तुमी फोनवर दिसभर बोलता म्हणं. मग हिच्याशी कधी बोललाच नाय."

महादेवीनं घोडीकडे बघितलं. काय बोलावं? एका जनावराशी, उघड्या मैदानात, कासोटा घालून? मग तिच्या तोंडून जे आलं ते सवयीनं आलं, त्याच आवाजात, भरदार आणि स्वच्छ: "हॅलो. सोलापूर बोलतंय."

मिसरीचे दोन्ही कान फिरले. गैबीसाबाच्या तोंडातून तंबाखू उडाली. महादेवी हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आवाज काढायला पोटातून श्वास घ्यावा लागतो, आणि पोटातून श्वास घेताना कुबड काढून चालतच नाही. बोर्डावर आजवर हे आपोआप होत होतं, तिनं कधी बघितलंच नव्हतं. वाकलेलं अंग आणि ताठ आवाज ही दोन माणसं आहेत असं ती समजत आली होती. "लाइन देते हं, मिसरी," ती म्हणाली, आणि बोलत बोलतच वर गेली. त्या दिवसापासून ती घोडीशी सतत बोलू लागली. ड्यूटीवरच्या गमती, अव्वाचे सांधे, कांद्याचे भाव. घोडीचा एक कान कायम मागं, तिच्याकडे. पाठीचा विचार तिनं सोडून दिला. पाठ आपली आपण वर राहू लागली.

वैशाखातल्या एका रविवारी ती पहाटे मैदानावर गेली तर तिथं कुणी नव्हतं. विजापूर वेशीतल्या घरी गेली. गैबीसाब ओसरीवर आडवा पडलेला, खोगीर चढवतानाच कमरेत उसण भरून कूस बदलता येईना. सरदारबी विटा तापवून शेकत होती. मिसरी दारात खोगीर घालून तयार उभी होती, कारण होटगीला शरणप्पा नावाच्या पोराचं लग्न होतं आणि नऊ वाजता नवरदेव घोडीवर बसून मारुतीला जायचा होता. होटगी आठ-नऊ मैल. त्या घरात फोन नाही, की निरोप द्यावा. "जबान दिलीया मी," गैबीसाब छताकडे बघत म्हणाला. "नवरदेवाची आजी दोन वेळा चालत आली होती सांगायला. दुसऱ्या कुणाला ही हात लावू देत नाय." तो महादेवीकडे बघत नव्हता. बघायचं टाळत होता हे तिला कळलं.

"मी नेते," महादेवी म्हणाली. म्हणाली आणि मग घाबरली. मैदानाबाहेर ती एकदाही गेली नव्हती.

झूल, मोत्यांच्या झालरी, कलगी यांचं गाठोडं सरदारबीनं खोगिरामागं बांधलं. अव्वाला निरोप सांगायचं तिनं कबूल केलं. आणि महादेवी निघाली. शहर नुकतं उठत होतं. नळावर बायका होत्या, त्या हंडे तसेच भरून वाहू देत बघत राहिल्या. सकाळच्या पाळीला निघालेले गिरणीकामगार सायकलींवरून उतरले. एरवी अशा नजरा तिच्यापर्यंत यायच्या आधीच ती आकसायची. आज आकसायला सवडच नव्हती, समोर बघायचं होतं, खड्डे बघायचे होते, बोलत राहायचं होतं. घरांच्या भिंतींवरून तिला अंगणं दिसत होती: वाळत टाकलेले पापड, खाटेवर झोपलेली माणसं, पेरूच्या झाडाला लटकलेला पिंजरा. एवढं शहर भिंतींच्या आत होतं आणि तिनं ते कधी बघितलंच नव्हतं, बघायची उंची जन्मापासून अंगात असून. होटगी रस्त्याला लागल्यावर विमानतळाचं मोकळं माळरान आलं, आणि तिथं मागून एका मालट्रकनं कर्णा वाजवला. मिसरी सुटली. दुडकी नाही, तिच्या पुढची चाल, जी गैबीसाबानं अजून शिकवलीच नव्हती. आभाळ तिरकं व्हायच्या बेतात आलं, महादेवीचे हात आयाळीकडे निघाले. आणि मग ते तिथं पोचलेच नाहीत. कारण ही चाल मऊ होती. दुडकीपेक्षा कितीतरी मऊ, झोपाळ्यासारखी, एक लांब झोका आणि पुन्हा एक लांब झोका, आणि तिचं अंग त्या झोक्यात आधीच बसलेलं होतं, तिला न विचारता. टाच खाली. नजर लांब, जिथं रस्ता बाभळींमध्ये शिरत होता तिथं. ट्रक बाजूनं निघून गेला, क्लीनरनं वाकून बघितलं. "हॅलो मिसरी," महादेवी म्हणाली. तिचा आवाज वाऱ्यानं मागं नेला, म्हणून ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "हॅलो, हॅलो, आता सावकाश, आपल्याला काही घाई नाही," आणि हे साफ खोटं होतं, पण घोडीनं ऐकलं. एक झोका कमी लांब, मग आणखी कमी, मग दुडकी, मग चाल. महादेवीनं रिकिबीत पाय सैल केले. तिचं सगळं अंग कापत होतं, आणि ते भीतीनं कापतंय की कशानं, हे तिला बराच वेळ ठरवता येईना. मग ठरलं. तिला ते पुन्हा हवं होतं.

होटगीत वेशीवरच माणसं वाट बघत होती. पाऊण तास उशीर झाला होता. "घोडी आली! घोडी आली!" असा ओरडा झाला आणि मग एकदम शांत झालं, कारण घोडीवर हिरवं इरकल नेसलेली, उंचच उंच बाई होती. नवरदेवाची आजी, ईरम्मा, गर्दीतून पुढं आली. तिच्या हातात पाण्याची घागर होती. तिनं घोडीच्या चारी खुरांवर पाणी घातलं, कपाळाला भंडारा लावला, मग महादेवी खाली उतरेपर्यंत थांबून तिच्याही पायांवर पाणी घातलं.

"कुणाची गं तू?" तिनं विचारलं.

एरवी महादेवीनं वडिलांचं नाव सांगितलं असतं, बाळीवेस सांगितली असती. "घोडीवाल्यांकडची आहे," ती म्हणाली. "ते आजारी आहेत. मी शिकते त्यांच्याकडे."

"शिकून आली न्हवं येवढ्या लांब? मग झालं की," ईरम्मा म्हणाली.

नवरदेव शरणप्पा, आजी कौतुकानं सांगत होती, रेल्वेच्या इंजिनावर फायरमन होता, दंडानं चांगला मजबूत, आणि त्याला घोडीवर चढवलं तेव्हा बाशिंगाच्या मुंडावळ्यांमागं त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला होता. तो मुटकुळं करून बसला. गर्दीत हशा झाला. महादेवी लगाम धरून उभी होती, ती त्याच्या गुडघ्यापाशी सरकली आणि हळूच, त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचं इंजिन फलाटावरनं सुटताना तुम्ही कुठं बघता?"

"सिग्नलकडं," तो म्हणाला.

"मग इथं देवळाचा कळस बघा. खाली मी आहे."

शरणप्पानं कळस बघितला. खांदे उघडले. हलगी वाजू लागली, आणि महादेवी गावातून घोडी घेऊन निघाली, मिसरीच्या कानात सगळा वेळ कांद्याचे भाव सांगत, जेणेकरून तिला हलगीचा त्रास होऊ नये. दुपारी तिला पहिल्या पंगतीला बसवलं. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची दाट खीर होती, वर तुपाची धार. तिनं तीनदा घेतली. चौथ्यांदा ईरम्मानं विचारलं नाही, वाढलीच. घोडीला सावलीत हिरवा घास मिळाला. गोठ्यापाशी बाया जमल्या. एकीनं घोडीच्या नाकाला हात लावून बघितला, एकीनं महादेवीच्या कासोट्याला. "पडलीस का कवा?" एका तरण्या सुनेनं विचारलं. "पडले की," महादेवी म्हणाली, आणि सगळ्या खूश झाल्या.

उन्हं कलल्यावर ती परत निघाली. रस्ता इथं काही अंतर रुळांना अगदी लागून जातो. मिसरी जेवून, पाणी पिऊन, दुपारभर विश्रांती घेऊन घराच्या ओढीनं चालत होती. बाहेरच्या सिग्नलला सोलापूरकडे जाणारी पॅसेंजर थांबून राहिली होती, इंजिन फुसफुसत होतं, आणि खिडक्यांमधून कंटाळलेली माणसं बाहेर बघत होती. एका खिडकीत काखेला पोर घेतलेली बाई होती.

"बाई, कुटं निगालाय?" तिनं विचारलं.

"सोलापूरला."

"आमी बी सोलापूरलाच. पर घोडीवर कवा पोचायचं वं? गाडीत बसला असता तर लौकर पोचला असता की."

महादेवीनं सिग्नलकडे बघितलं. सिग्नलचा हात खटकन खाली पडला होता. इंजिननं शिट्टी दिली, मिसरीचे कान टवकारले, आणि डब्यांना एकामागून एक हिसका बसत गेला.

"बघू की," महादेवी म्हणाली.

तिनं टाच दाबली. दुडकी, आणि लगेच ती दुसरी चाल, लांब झोक्याची. गाडी अजून अंग सावरत होती. एक डबा मागं पडला, दुसरा पडला, खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली, कुणी टोप्या हलवल्या, कुणी शिट्ट्या घातल्या, "हाण, हाण बाई!" असं कुणीतरी घसा फोडून ओरडलं. इंजिनाशी आली तेव्हा कोळशानं काळा झालेला ड्रायव्हर दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होता. एवढा वेळ, वीस-पंचवीस झोके असतील, ती गाडीच्या पुढं होती, आणि तिच्या पुढं नुसता रस्ता होता. मग इंजिननं दम धरला. डबे एक एक करून तिला मागं टाकत चालले, खिडकीतल्या त्या बाईनं पोराचा हात धरून हलवला, आणि महादेवीनं लगाम हलकेच मागं घेतला. ती हरली होती, धापा टाकत होती, अंबाडा सुटून केस पाठभर पसरले होते, आणि तिला हसू आवरत नव्हतं. शेवटचा डबा गेला. त्याच्या दारात गार्ड उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातला, गंभीर चेहऱ्याचा वयस्क माणूस. त्यानं तिच्याकडे बघितलं, काखेतला गुंडाळलेला हिरवा बावटा सोडला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिच्यासाठी हलवत राहिला.